आधी वाकवून बघू

इंदूताई साळवेंच्या हातात कुठलीही लांब वस्तू आली की त्या ती आधी वाकवून बघायच्या. छत्रीची काडी, पडद्याचा दांडा, लेकाची फूटपट्टी, शेवग्याची शेंग. दोन टोकं दोन हातांत धरायची, मधे अंगठ्यांनी हलकेच दाबायचं, एक डोळा बारीक करायचा आणि निकाल सांगायचा. एकदा ऐरोलीच्या बाजारात त्यांनी जुडीतली एक शेंग बाहेर काढली आणि भाजीवाल्याला म्हणाल्या, "ही घे माघारी. बाकीच्यांशी जमंना हिचं."

"बाई, भाजी करायची का लगीन लावायचं?" तो म्हणाला.

"दोन्हीला आधी वाकवून बघावं," इंदूताई म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडचा कांदेवाला वळून बघायला लागला.

काही लोकांना वाटतं की साध्या माणसानं साधंच राहावं, हळू बोलावं, आपल्याला काय येतं ते लपवावं. मला हा नम्रतेचा उपदेश लहानपणापासून खोटा वाटत आला आहे, कारण तो नेहमी खालच्यांनाच केला जातो. इंदूताईंना तो कुणी केला असता तर त्यांनी तोही वाकवून बघितला असता. त्या उंच होत्या, खांदे रुंद, आवाज जिना चढून तिसऱ्या मजल्यावर पोचणारा. महाप्याच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या पाइपांची तपासणी करायच्या. पाइप ताणायचे, दाबायचे, फुटेपर्यंत पाणी भरायचे. "मला मोडायचा पगार मिळतो," असं त्या कुणालाही पहिल्याच भेटीत सांगायच्या. "नवऱ्याला सांगून ठेवलंय, घरात काय मोडायचं असलं तर ओव्हरटाइम पडंल."

त्या मूळच्या मराठवाड्यातल्या. धनुष्यबाणाशी त्यांचा संबंध आला तो कारखान्याच्या सहलीत. सहल जव्हारकडे गेली होती. तिथं एका म्हाताऱ्या कारागिरानं त्यांना बांबूचं धनुष्य हातात दिलं आणि समोरच्या झाडावर बाण मारायला सांगितलं. झाड चुकलं, पण इंदूताई धनुष्य विकत घेऊनच बसमध्ये चढल्या. ते आडवं ठेवायला जागा नव्हती आणि उभं मावत नव्हतं. परतीच्या वाटेत निम्म्या कारखान्याला त्याचे ठोसे बसले. सोमवारी मॅनेजरच्या कपाळावर टेंगूळ होतं आणि इंदूताई सगळ्यांना सांगत होत्या, "दांडा एक नंबर आहे. साहेबांच्या डोक्यावर आपटला, पण तडा नाही गेला."

आमच्या इमारतीमागे सोसायटीचा एक रिकामा प्लॉट होता. पायाची खोदाई झाली तेव्हाची माती तिथं ढीग करून टाकलेली. त्या ढिगाला टेकून इंदूताईंनी पेंढ्याचे भारे रचले. पेंढा जवळच्या गावातनं आणला, तिथं अजून भात पिकायचं. पहिले काही दिवस त्या एकट्याच मारायच्या. मग तळमजल्यावरच्या नाईककाकू दात घासता घासता खिडकीत उभ्या राहायला लागल्या. मग दाराशी. मग एक दिवस पदर खोचून प्लॉटवर.

"अगो इंदू, मला जमेल काय गो?"

"काकू, नारळ सोलता की नाही तुम्ही? मग दोरी काय चीज आहे!"

वर्षभरात तिथं सहा बायका झाल्या आणि जव्हारहून मागवून सहा धनुष्यं. सकाळी डबे भरायच्या आधीचा अर्धा तास. काकूंनी मला एकदा सांगितलं होतं, की हातात पिशवी नसताना घराबाहेर उभी राहायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच जागा. हे वाक्य मी अजून कुठल्याही पत्रकात घालू शकले नाही. पत्रकात मावणारं नाही ते.

पत्रकांचं सांगायलाच हवं, कारण त्यांच्यामुळेच माझी इंदूताईंशी ओळख झाली. माझे वडील युनियनचं काम करायचे. आमच्याकडे पाहुण्यांना बसायला खुर्ची कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. कॉलेजात गेल्यावर स्वतः लिहायला लागले आणि पाण्याच्या प्रश्नावरचं माझं पहिलं पत्रक घेऊन सहीसाठी इंदूताईंकडे गेले. त्यांनी ते वाचलं. मग दोन्ही टोकं धरून वाकवलं.

"कागद बरा आहे. मजकूर लई कडक झालाय. कडक बाण कुठं जातो ठाऊक आहे का?"

"कुठं?"

"डावीकडं," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाला सांग. खूश होईल." आणि सही केली.

हा विनोद नव्हता, किंवा नुसता विनोद नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला प्लॉटवर उभं करून दाखवलं. बाण धनुष्याच्या दांड्याला टेकलेला असतो, म्हणजे त्याच्या वाटेत दांडाच आडवा असतो. दोरी सुटली की बाण सरळ जात नाही. तो माशासारखा अंग वळवतो, दांड्याला वळसा घालतो आणि पुढे जाऊन सरळ होतो. फार कडक असला तर वळत नाही आणि डावीकडे फेकला जातो. फार मऊ असला तर जास्त वळतो आणि उजवीकडे जातो. बाण किती वाकतो ह्याला इंदूताई बाणाचा कणा म्हणायच्या. सांगताना अंगठा आणि तर्जनी डोळ्यासमोर धरायच्या, मधे तांदळाचा दाणा मावेल एवढी फट ठेवून. "एवढा फरक. बास. एवढ्यानं बाण शेजारणीकडं जातो."

बाण शेजारणीकडे गेला नाही. चेअरमनकडे गेला.

झालं असं, की बांबूचे बाण पावसाळ्यात वाकडे व्हायचे, प्रत्येकाचं अंग निराळं. इंदूताईंच्या कुठून तरी कानावर आलं की पावणे गावात एका शेडमध्ये मासे धरायच्या गळाच्या काठ्या बनतात आणि तिथले म्हात्रेशेठ कार्बनच्या नळ्या करून बघतायत. त्या मला घेऊन गेल्या. शेडच्या कोपऱ्यात काळ्या, चकचकीत, बारीक नळ्यांचा ढीग पडला होता.

"ताई, ने सगल्या," म्हात्रेशेठ म्हणाले. "बाद हायत. दिसाला येक, पन गुन सगल्यांचे येगले."

दिसायला खरंच एक होत्या. इतक्या एक, की आयुष्यात पहिल्यांदाच इंदूताईंनी काही वाकवून न बघता घरी आणलं. सहा जणींनी मिळून त्यांना टोकं बसवली, कोंबडीवाल्याकडून आणलेली पिसं चिकटवली. आणि पहिल्याच सकाळी नाईककाकूंचा एक बाण मातीच्या ढिगाच्या कडेनं निसटून कुंपणावर वाळत घातलेल्या बनियनमधून आरपार गेला. बनियन सोसायटीचे चेअरमन पाटणकरसाहेबांचं होतं.

मीटिंग झाली. पाटणकर बनियन घेऊनच आले होते.

"हे बघा होल. उद्या ह्या जागी पोरगं असलं तर? मला टेन्शन नकोय. प्लॉटवर पार्किंग करून टाकू."

"बनियनमध्ये तुम्ही नव्हता ना?" इंदूताईंनी विचारलं.

"मॅडम, मस्करी बास."

"मस्करी नाही. तुमचं बरोबर आहे. बाण बाहेर जाताच कामा नये. चूक काकूंची नव्हती, बाणांची होती. मी नीट करून दाखवते."

मग भांडण झालं. मी त्यात काय काय बोलले ते सांगत नाही, पण सोसायटीच्या गाड्या किती आणि बायका किती हा हिशेब मी मांडला होता. शेवटी पाटणकर म्हणाले, "ओके. दसऱ्याला संध्याकाळी सगळ्यांसमोर मारून दाखवा. सगळ्या जणींनी. एक जरी बाण पेंढ्याबाहेर गेला, तर बात खतम. पार्किंग."

"एक बी नाही जाणार," इंदूताई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, एवढी पैज कशाला? त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "दिवसभर मी मोडत असते गं. सकाळी तिथं एक तरी गोष्ट नीट जाते. ते मला पाहिजे."

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत इंदूताईंनी त्या नळ्या कारखान्यात तपासल्या. दोन टेकूंवर नळी आडवी ठेवायची, मधोमध वजन लटकवायचं आणि ती किती झुकते ते काटा असलेल्या गोल मापकावर बघायचं. मग नळी थोडी फिरवायची आणि परत बघायचं, कारण एकच नळी एका अंगानं कमी झुकायची, दुसऱ्या अंगानं जास्त. "नळीला बी एक हट्टी बाजू असते," त्या म्हणायच्या. हट्टी बाजूवर त्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायच्या. सारख्या झुकणाऱ्या नळ्यांना सारखा रंग. प्रत्येकीच्या धनुष्याचा जोर वेगळा, म्हणून प्रत्येकीचा रंग वेगळा. काकूंचा गुलाबी. स्वतःचा लाल. दसऱ्याला बाण हातात देईपर्यंत ह्यातलं कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. जन्मात नखाला रंग न लावलेली बाई कटलरीच्या दुकानात उभी राहून सहा रंगांच्या बाटल्या मागत होती.

"ह्यातल्या चांगल्या कुठल्या?" मी एकदा ढिगाकडे बघून विचारलं.

"चांगली-वाईट काय नसतं त्यात. कडक चालंल, मऊ चालंल. सोबतीला सारखी पाहिजे."

"आणि बाद कुठल्या?"

"बाद तर सगळ्याच आहेत. म्हात्रेशेठनं केल्यात. मी परत कशाला करू? जोड मिळाली की झाला बाण."

मी लगेच वही काढली. इतकं तयार वाक्य पत्रकाला फुकट मिळत नाही. त्यांनी वही मिटून माझ्या पिशवीत कोंबली. "नळीचं चाललंय, नळीचं राहू दे." ज्यांना जोड मिळाली नाही त्या नळ्या त्यांनी गच्चीत कारल्याच्या वेलाला लावल्या.

दसऱ्याच्या सकाळी इंदूताई पांढरी साडी नेसून शेजारच्या सेक्टरमधल्या विहारात वंदनेला गेल्या होत्या. त्यांच्याकडे तो दिवस धम्मचक्राचा. परत आल्या त्या थेट काकूंच्या घरी, कारण बाण तिथं ठेवलेले असायचे. मीही तिथंच होते. काकूंनी हसत हसत पाट दाखवला. पाटावर अठरा बाण ओळीनं मांडले होते. झेंडूची फुलं वाहिलेली, प्रत्येक बाणाला हळदीचं आणि कुंकवाचं एकेक बोट. बाण आरशासारखे चमकत होते.

"शस्त्रपूजा केली गो," काकू म्हणाल्या. "पोरांनी मेल्यांनी नेलपॉलिश फासलं होतं सगळ्यांना. शस्त्राला शोभतं काय ते? ह्यांनी ग्रिल रंगवली तेव्हाचं थिनर होतं, सगळे लख्ख पुसून काढले."

कुठला बाण कुणाचा हे आता सांगता येणार नाही, हे आम्हां दोघींना लगेच कळलं. इंदूताईंनी एक बाण उचलला, उजेडात फिरवला, परत ठेवला. मग काकूंनाही कळलं.

मी पेटले. पूजा, परंपरा, बायकांच्याच हातून बायकांचं नुकसान, असं मी सुरू केलं असावं. इंदूताईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"पत्रक नंतर वाट. कारखान्यात जाऊन मापक आणता येतंय का बघते."

त्यांनी कारखान्याच्या गेटवर फोन लावला. वॉचमननं सांगितलं की काल खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा झाली, मापकाला हार घातलाय, आणि उद्या सकाळपर्यंत कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही असं कामगारांनी ठरवलंय. मी म्हटलं, आपण जाऊ, मी बोलते त्यांच्याशी, हार काढून परत घालता येतो.

"नको," इंदूताई म्हणाल्या. "वर्षातनं एक दिवस त्याला सुट्टी. तुझा बाप सुट्टीसाठीच भांडतो ना?"

मी चपला घातल्या.

मग आम्ही वजन शोधायला निघालो. वाण्याची वजनं हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यापुढे. टेलरच्या टेपवर फूल. गावात मोजायचं म्हणून जे काही होतं, ते त्या दिवशी देव होऊन बसलं होतं. इंदूताईंना ह्या गोष्टीचं इतकं हसू आलं की त्या वाण्याच्या पायरीवर बसूनच हसल्या. मग उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला. ज्याची पूजा नाही झाली ते आणा."

काकूंनी डोळे पुसत खलबत्त्यातला पितळी बत्ता आणला. "ह्याची नाही केली गो. मसाल्याचा वास येत होता." दोन रॉकेलचे डबे जिन्याखालच्या पॅसेजमध्ये ठेवून त्यांच्यावर बाण आडवा टाकला. बत्ता दोऱ्यानं मधोमध लटकवला. आता बाण किती झुकला हे दिसणार कसं? फरक तर तांदळाएवढा. इंदूताईंनी खराट्यातली सगळ्यांत लांब हीर निवडली. अर्थातच आधी वाकवून. एका टोकाजवळ सुई खुपसून ती भिंतीच्या चुन्यात टोचली. हिरेचा आखूड भाग बाणाला बांधला, लांब भाग भिंतीवर मोकळा सोडला. बाण जरासा झुकला की हिरेचं लांब टोक भिंतीवर वीतभर फिरायचं. काकूंच्या कुंकवानं भिंतीवर रेघा मारल्या.

एवढ्यात पाटणकर खाली आले.

"कॉमन पॅसेज का अडवलाय?"

"तुमचा चष्मा नवा आहे ना?" इंदूताई म्हणाल्या. "बसा इथं. काटा कुठल्या रेघेवर आलाय ते सांगा. आमच्यातल्या कुणी वाचलं तर तुम्ही म्हणाल, लबाडी केली."

पाटणकर तयारच नव्हते. मग "फक्त पाच मिनिटं" म्हणून स्टुलावर बसले. दुसऱ्या बाणाला त्यांनी दारातल्या पोरांना धक्का लावू नका म्हणून दटावलं. पाचव्या बाणाला म्हणाले, "थांबा, बत्ता हलतोय अजून. घाई कशाला?" दहाव्या बाणाला बायकोनं जेवायला हाक मारली तर ओरडले, "अगं, मेजरमेंट चाललंय!"

प्रत्येक बाण फिरवून, हट्टी बाजू शोधून, पाटणकर आकडा सांगायचे आणि इंदूताई खूण करायच्या. नेलपॉलिश कुणाला सुचलंच नाही. सकाळची बोटं पुसून काढली आणि नव्या खुणांना पूजेचं तबक होतं. कुणाला हळदीचा एक ठिपका, कुणाला दोन, कुणाला कुंकवाचा, कुणाला बुक्क्याचा. काकूंना हळद आणि कुंकू शेजारी शेजारी. सकाळी ज्या पूजेनं खुणा पुसल्या होत्या, तिच्याच तबकातून दुपारपर्यंत त्या परत उमटल्या. कारणमीमांसा करायची माझी तयारी होती, पण मला हीर धरायला बसवलं होतं आणि हलायची परवानगी नव्हती.

संध्याकाळी सगळी सोसायटी प्लॉटवर. पेंढ्याच्या दोन्ही बाजूंना पाटणकरांनी स्वतः दोरी बांधली. पहिले बाण सुटले, पेंढ्यात गेले. दुसरीचे गेले. इंदूताईंचे तिन्ही इतके जवळ लागले की पिसं एकमेकांत अडकली आणि त्यांनी मागे वळून सगळ्यांकडून टाळ्या वसूल केल्या. शेवटी काकू. त्या पुढे यायलाच तयार नव्हत्या.

"मी नको गो. माझ्या हातूनच सगळा घोळ झाला."

"काकू," इंदूताई म्हणाल्या, "तुमचं काम सोडायचं. वळायचं काम बाणाचं. त्याचं त्याला करू द्या."

पहिला पेंढ्यात. दुसरा पेंढ्यात. तिसरा सुटला आणि सगळ्यांनी श्वास धरला, कारण तो डावीकडे सरकत गेला. पेंढ्याच्या अगदी कडेच्या भाऱ्यात घुसला आणि त्याचं टोक बाजूनं बाहेर डोकावलं.

आत की बाहेर? पोरं ओरडायला लागली. पाटणकर चालत गेले. उकिडवे बसले. चष्मा पुसला. बाणाला हात लावला, हलवून बघितला. तेवढ्या वेळात इंदूताईंना मी जसं बघितलं तशा त्या परत कधी दिसल्या नाहीत. त्या मोठ्या बाईच्या दोन्ही मुठी लहान मुलीसारख्या आवळलेल्या होत्या.

"आत," पाटणकर म्हणाले.

मग आरडाओरडा झाला, सोनं वाटलं गेलं, आपट्याची पानं सगळ्यांच्या हातात. त्या गलक्यात पाटणकर काकूंजवळ आले आणि गंभीरपणे म्हणाले, "काकू, हळदकुंकवाची खूण बाहेरच्या अंगाला यायला पाहिजे होती. तुम्ही बाण उलटा लावलात. हट्टी बाजू चुकली." इंदूताईंनी हे ऐकलं आणि त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

त्या प्लॉटवर पार्किंग झालं नाही. हे मी ठासून लिहिते. शहर नवं असलं की जागा कुणाची हे आधीच ठरलेलं असतं असं समजणाऱ्यांनी ते वाचावं.

पुढे इंदूताईंच्या कारखान्यानं तपासणीचं खातं नाशिककडे हलवलं आणि त्यांनाही जावं लागलं. सामानाचा टेम्पो भरला त्या सकाळी आम्ही सगळे खाली होतो. पडद्याचे दांडे चढवताना त्यांनी एक दांडा सवयीनं वाकवला आणि थांबल्या. "हा माझा नाही. हा मऊ आहे. काकू, हा तुमचा." काकूंनी घरात जाऊन बघितलं. खरंच, धुतलेल्या पडद्यांच्या गडबडीत अदलाबदल झाली होती. धनुष्य शेवटपर्यंत टेम्पोत मावलं नाही. ते ड्रायव्हरच्या शेजारी, खिडकीतून अर्धं बाहेर.

निरोपाचं बोलणं त्यांना जमायचं नाही. माझ्या हातातलं नवं पत्रक घेतलं, वाकवलं, आणि म्हणाल्या, "आता बरं आहे." मग चढून बसल्या.

टेम्पो प्लॉटच्या कडेनं वळला. तिकडे रोजच्यासारखं पाचही जणींचं चाललं होतं, कारण इंदूताईंनीच बजावलं होतं की माझ्यापायी सकाळ बुडवायची नाही. पडद्याचा दांडा घरात ठेवून काकू परत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी दोरी ओढली, सोडली. बाण दांड्याला वळसा घालून मधल्या भाऱ्यात जाऊन बसला. टेम्पोच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. अंगठा आणि तर्जनी, मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट. मग ती फटही मिटली, आणि तशीच मिटलेली दोन बोटं वळण येईपर्यंत हवेत दिसत राहिली.